देवबागच्या खळ्यातले इंजिन

आमच्या घाटमाथ्यावरच्या माणसाला कोकणात उतरायचे म्हणजे फोंडा घाट. राधानगरी मागे पडली, दाजीपूरचे जंगल आले, की सौ. डब्यातली आल्याची वडी काढून हातावर ठेवते. वळणे सुरू होण्याआधी ती तोंडात टाकायची हा आमचा गेल्या पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. २०२३ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस आम्ही असेच उतरलो. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने नारळी पौर्णिमा पार ३० ऑगस्टला गेली होती. घाटात धुके होते, पण पाऊस मात्र नव्हता. आमच्या तालुक्यात भाताने माना टाकायला सुरुवात केली होती आणि मी रजा मागताना साहेबांकडे बघण्याचे टाळले होते.

दापोलीच्या कृषी महाविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र देवबागचा. १९९० साली आम्ही दोघे बी.एस्सी. होऊन बाहेर पडलो. तोही कृषी खात्यातच आहे, दूर विदर्भात. पण नारळी पौर्णिमेला तो घरी येतो म्हणजे येतोच. यंदा ये, यंदा ये, असे तो दरवर्षी म्हणे. शेवटी यंदा गेलो.

कणकवली, कसाल, कट्टा करीत एस.टी. मालवणला पोचते. तिथून तारकर्लीवरून देवबागला जाणारा रस्ता पकडायचा. हा रस्ता ज्याने पाहिला नसेल त्याला सांगून पटणार नाही. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी, आणि मध्ये रेतीची एक अरुंद पट्टी. त्या पट्टीवर रस्ता, घरे, माड, शाळा, देऊळ, सगळे काही. काही ठिकाणी तर रस्त्यात उभे राहून डाव्या कानाने नदी आणि उजव्या कानाने समुद्र ऐकावा. शेवटी पट्टी संपते आणि नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगव्याचा डोंगर. ओहोटीला नदीच्या पात्रात वाळूचे एक बेट उघडे पडते, त्याला लोक त्सुनामी बेट म्हणतात. समुद्राने या गावाची जमीन खाल्लेली आहे. किनाऱ्याला मोठमोठे दगड टाकून बंधारा घातलेला दिसतो. शेतकऱ्याची जमीन सावकार नेतो, दुष्काळ नेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे ती लाट नेते.

मित्राच्या घरी पोचलो तेव्हा खळ्यात, म्हणजे अंगणात, लाकडी घोड्यावर होडीचे इंजिन उभे टांगलेले होते. मित्राचे थोरले बंधू, सगळे त्यांना दादा म्हणतात, सत्तरीचे आहेत. तरुणपणी वल्ही आणि शीड यांवर मासेमारी केलेला माणूस. आता घरची एक फायबरची होडी आहे. चार वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून घेतलेली. दादांचा धाकटा मुलगा तिच्यातून पर्यटकांना संगमापर्यंत फिरवून आणतो. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत हा धंदा बंद असतो. ३० तारखेला नारळ टाकायचा, आणि १ सप्टेंबरला पुण्याकडची दोन कुटुंबे यायची ठरलेली होती. त्यांची आगाऊ रक्कम बँकेच्या हप्त्यात गेली होती.

आता मला यंत्रांची आवड आहे हे आमच्या तालुक्यात सर्वांना माहीत आहे. विहिरीवरचे डिझेल इंजिन, पॉवर टिलर, फवारणीचा पंप, कशाचाही आवाज ऐकून मी बिघाड सांगतो असा माझा लौकिक आहे. तो लौकिक माझ्यापेक्षा मीच जास्त पसरवला आहे असे सौ. म्हणते. तर चहा झाल्यावर मी खळ्यात आलो. मुलगा इंजिन पुशीत होता. ९.९ अश्वशक्तीचे, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायचे. पंखा काढून बाजूला ठेवला होता. मी म्हणालो, "तीन महिने पडून आहे. ओढ बघू दोरी, आवाज तर ऐकू."

तो म्हणाला, "काका, आधी पाणी लावक व्हया."

मी म्हणालो, "अरे, अर्धा मिनिट तर चालवायचे. तेवढ्याने काय होते!"

वीस वर्षांचे पोर. चुलत्याचा मित्र, त्यातून सरकारी अधिकारी. तो किती वेळ नाही म्हणणार? त्याने दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागले. छान आवाज होता. मी कान देऊन उभा राहिलो, आणि काहीतरी शेरा मारणार एवढ्यात जळक्या रबराचा वास आला. मागच्या दाराने दादा धावत आले. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक बोराएवढे भोक असते, त्याच्याखाली त्यांनी हात धरला.

"पाणी खंय? बंद कर रे ता!"

इंजिन बंद झाले. सगळे मिळून चाळीस-पन्नास सेकंद चालले असेल.

इथे वाचकांना या यंत्राची रचना सांगितली पाहिजे, म्हणजे मी काय करून बसलो ते कळेल. आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवा. पंपाच्या पाण्यातून एक बारीक पाइप इंजिनाकडे घेतलेला असतो. ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरते, तापते, आणि बाहेर पाटात पडते. तोच प्रकार इथे आहे. मोटारगाडीला रेडिएटर असतो आणि तेच ते पाणी फिरत राहते. होडीच्या इंजिनाला रेडिएटर नाही. ज्या पाण्यात होडी तरंगते तेच पाणी ओढायचे आणि तेच बाहेर टाकायचे. खाली पंख्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना जाळीसारखी छिद्रे असतात, त्यांतून पाणी आत येते. उभ्या शाफ्टवर एक रबरी चाक बसवलेले असते, सहा पात्यांचे, फुलासारखे. ते ज्या वाटीत फिरते ती वाटी मुद्दाम एका बाजूला सरकवून बसवलेली असते. त्यामुळे पाती एका अंगाला दबतात, दुसऱ्या अंगाला उघडतात, आणि पाणी वर ढकलले जाते. वर डोक्यातून फिरून बहुतेक पाणी धुराबरोबर खालीच जाते. थोडेसे मागच्या भोकातून धारेने बाहेर पडते, ते केवळ खूण म्हणून. धार दिसली म्हणजे पंप चालू आहे. होडीवाला बसल्या बसल्या दर दोन मिनिटांनी मागे वळून बघतो, तो ही धार बघत असतो. मला आधी वाटे, कोणी मागून येते आहे का बघतो!

आता गोम अशी की हे रबरी चाक शाफ्टवरच चावी देऊन बसवलेले असते. इंजिन न्यूट्रलमध्ये असले तरी शाफ्ट फिरतो, म्हणून चाकही फिरते. आणि त्याला वंगण दुसरे काही नाही, पाणी हेच वंगण. कोरड्या वाटीत ते मिनिटाला शेकडो फेरे घासले तर अर्ध्या-एका मिनिटात जळते. आपला मोनोब्लॉक पंप पाण्याविना चालवला की सील जाते, हे मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना सांगितले असेल. मेळाव्यात ध्वनिवर्धकावरून सांगितले आहे. तोच मनुष्य देवबागच्या खळ्यात उभा राहून म्हणाला, तेवढ्याने काय होते!

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मुलाला पाने आणायला सांगितले आणि इंजिनाचा खालचा भाग उतरवला. गिअरचा दांडा सोडवून चार-पाच बोल्ट काढले की तो सगळा ठोकळा खाली येतो. वरची वाटी उघडली. सहा पात्यांपैकी दोन मुळातून तुटलेली, बाकीच्यांच्या कडा चिकट काळ्या झालेल्या. वाटीत काळा थर बसला होता, पण चरे नव्हते. तेवढे नशीब.

"दोन हंगाम झाले होते तेका," दादा म्हणाले. "ता चाक बदलूचाच होता."

नवे चाक मुलाने मालवणहून तासाभरात आणले. किंमत फार नव्हती, आणि ती मी दिली. मला वाटले प्रकरण मिटले. पण दादा जुने चाक हातात घेऊन बसले होते. तुटलेल्या पात्याचा एक तुकडा वाटीतच सापडला. दुसरा नव्हता.

"ह्यो तुकडो गावलो नाय तर उद्या होडी पाण्यात जावची नाय," एवढेच ते बोलले.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. तुकडा वर पाइपात चढला म्हणजे तो डोक्यातल्या अरुंद वाटेत कुठेतरी अडकणार. आज धार दिसेल, उद्या दिसेल, आणि परवा भर संगमात इंजिन तापून अडकेल. २०१९ च्या दिवाळीत तसे एकदा झालेले होते, वेगळ्या कारणाने. दादा तेव्हा होडीत होते. ओहोटी लागलेली, नदीचे सगळे पाणी समुद्राकडे धावत होते, होडीत बायका-पोरे मिळून आठ माणसे. इंजिन तापून बंद पडले. होडीत वल्ही होती आणि ती मारणारे हात होते, म्हणून निभावले. त्या दिवसापासून वल्ही घेतल्याशिवाय त्यांच्या घरची होडी धक्का सोडत नाही.

तेव्हा इंजिन का तापले होते? मिठाने. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. होडी धक्क्याला लागली, इंजिन बंद झाले, की पोकळ्यांत राहिलेले खारे पाणी गरम धातूवर सुकते. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला मिठागरे आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला तेच शिरोडे. तिथे उन्हात जे होते तेच इंजिनाच्या पोटात रोज थोडे थोडे होते. वाट अरुंद होत जाते. थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते, गार असताना मिटलेली आणि पाणी ठराविक तापले की उघडणारी. ती मिठाने चिकटते. शिवाय ॲल्युमिनियमला खारे पाणी खाते ते वेगळेच. म्हणून खाऱ्या पाण्यातून आलेले इंजिन गोड्या पाण्याने आतून धुवावे लागते. आपल्याकडे तणनाशक मारलेला पंप न धुता त्याच पंपाने द्राक्षावर फवारणारे महाभाग आहेत, आणि मग पाने आखडली की कृषी अधिकाऱ्याला बोलावतात. धुण्याचा कंटाळा सगळीकडे सारखाच.

असो. तुकडा शोधण्याचे काम दुपारी तीनला सुरू झाले. थर्मोस्टॅटचे झाकण उघडले. झडपेवर पांढरी पुटे होती, ती ब्रशने आणि गोड्या पाण्याने साफ केली. मग विहिरीवरच्या अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाची नळी वरून लावून पाणी उलट दिशेने खाली सोडले. पाइपातून आधी गढूळ पाणी आले, मग रेतीचे कण, मग स्वच्छ पाणी. तुकडा नाही. मित्राने पाइप सोडवून आरपार पाहिला. नाही. दादांनी खालच्या जाळ्या तारेने चाचपल्या. नाही. मी खळ्यातली रेती बोटांनी चाळीत बसलो, न जाणो वाटी उघडताना उडाला असेल. सौ. आणि वहिनी आतून नारळाच्या करंज्या करता करता दारात येऊन बघून जात होत्या. दिवेलागणीची वेळ झाली. मुलगा एकदाही मला काही बोलला नाही. विजेरी धरून उभा होता. त्याची १ तारीख माझ्या अर्ध्या मिनिटावर अडकली होती.

शेवटी दादा म्हणाले, पुन्हा वरून पाणी सोडा, पण नळीचे तोंड दाबून, झटके देऊन. चौथ्या की पाचव्या झटक्याला जांभळाच्या बीसारखे काहीतरी काळे खाली बादलीत टपकले. दादांनी ते उचलले, विजेरीच्या उजेडात जुन्या चाकाला लावून पाहिले. कड कडेला बसली. मग त्यांनी कानामागची विडी काढून पेटवली.

नवे चाक बसवण्याचे काम मुलाने केले. पात्यांना साबणाचे पाणी लावले, शाफ्ट चालायच्या दिशेने फिरवीत वाटी दाबली म्हणजे पाती एकाच बाजूला झुकतात. चावी जागेवर आहे ना ते दोनदा पाहिले. पाइपाचे टोक रबरी बुचात नीट शिरले ना, तेही. ते चुकले तर पंप चांगला असून पाणी वर चढत नाही.

आणि मग पिंप आले. जमिनीवर इंजिन चालवायचे तर दोन रीती. एक, दोन रबरी वाट्यांचा चिमटा मिळतो, तो खालच्या दोन्ही जाळ्यांवर कानपट्टीसारखा बसवायचा आणि त्याला नळी जोडायची. दुसरी, पिंप. देवबागला पिंपच जास्त बरे, कारण पाणी मोजके लागते. पिंप इतके भरायचे की जाळ्याच नव्हे तर वरचा रबरी पंपही बुडाला पाहिजे. पंखा काढून ठेवायचा, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करायची दोरी मनगटाला. इंजिन मंद चालवायचे, रेस करायची नाही. नळी असेल तर आधी पाणी सुरू करायचे आणि मग इंजिन. थांबवताना आधी इंजिन आणि मग पाणी. जागा मोकळी हवी, बंद मांगरात धूर कोंडतो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवायचे, दहा-पंधरा मिनिटे, तोवर वरच्या भागात गोडे पाणी पोचत नाही. नंतर इंजिन उभेच ठेवून निथळू द्यायचे. आडवे टाकले तर राहिलेले पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरात जाण्याची भीती. काही फोर-स्ट्रोक इंजिनांना धुण्यासाठी वेगळे तोंड दिलेले असते, तिथे नळी लावून इंजिन न चालवताच धुतात. पण त्या त्या इंजिनाची पुस्तिका बघूनच ते करावे.

मुलाने दोरी ओढली. आम्ही सगळे मागे जाऊन त्या भोकाकडे बघत उभे राहिलो. एक क्षण, दोन क्षण काही नाही. मग थुंकल्यासारखे थोडे पाणी, मग धार. वहिनी दारातून म्हणाल्या, "इला एकदाचा!"

वहिनींचे या पाण्याशी जुने भांडण आहे, ते मला रात्री जेवताना कळले. ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ असते. पण मे महिन्यात? "आमका पिवक पाणी नाय, आणि हे इंजिनाक न्हाणयतत," त्या म्हणाल्या. इथे मात्र मला माझ्या विषयातले काही बोलता आले. देवबागसारख्या रेतीच्या पट्टीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. भूजलाचा ठोकताळा असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. उलटही तितकेच खरे. उपसून ती पातळी खाली नेली की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. म्हणून अशा जागी खोल विहीर खणू नये, जोराचा पंप लावू नये, थोडे थोडे आणि थांबून थांबून उपसावे. मे महिन्यातल्या मचूळ पाण्याने इंजिन धुण्यातही अर्धाच फायदा. मी सुचवले की पन्हळीचे पाणी साठवायला एक टाकी बांधा आणि मेपर्यंत इंजिनासाठी तेच राखून ठेवा. दादा म्हणाले, बघू. कृषी विस्तारात तीस वर्षे काढल्यावर 'बघू' या शब्दाचा अर्थ मला समजतो, पण वहिनी माझ्या पानात आणखी एक करंजी वाढून गेल्या.

पिंपातले धुतलेले पाणी माडांना घालता येईल का, असे मित्राने विचारले. माडाला थोडा खारेपणा चालतो, कोकणात माडाच्या आळ्यात मीठ घालणारेही आहेत. पण टू-स्ट्रोकच्या धुरातून पाण्यावर तेलाचा तवंग येतो. ते विहिरीजवळ तर मुळीच ओतू नये. रेतीत काय ओतले ते थोड्या दिवसांत घागरीत येते.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर मोठी गर्दी असते, किल्ल्यावरून मानाचा नारळ येतो, नारळ लढवण्याच्या पैजा लागतात. आम्ही तिकडे गेलो नाही. दादांनी घरच्या होडीची पूजा केली, इंजिनाला हळदकुंकू लावले, वल्ही आत ठेवली. संगमापर्यंत आम्ही सहा जण गेलो. मी सगळा वेळ मागे तोंड करून बसलो होतो, धारेकडे. भोगव्याचा डोंगर कसा होता, निवतीचा दीपस्तंभ दिसला का, हे सौ.ला विचारावे. दादांनी नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, आणि होडी वळवली.

परत आल्यावर मुलाने न सांगता पिंप भरले. इंजिन चालू झाल्यावर दादांनी मला खूण केली. मी धारेखाली हात धरला. आधी गार लागली, काही वेळाने कोमट. "उघडला," दादा म्हणाले, म्हणजे थर्मोस्टॅट. आणखी थोडा वेळ चालवून मुलाने दोरी खेचली, इंजिन थांबले. वहिनींनी बादल्या आणून ठेवल्या होत्या. ते पाणी आम्ही दोघा मित्रांनी रस्त्यापलीकडे, विहिरीपासून दूर नेऊन टाकले.

१ तारखेला सकाळी पुण्याची मंडळी यायच्या आत आम्ही मालवणची गाडी पकडली.